वजनाच्या बुडाशी

ती पोरगी माघात आली होती.
पाठीवर पिशवी, हातात थर्माकोलचा डबा.
भाव न करता अकरा मासोळ्या घेतल्या
तेव्हाच मला समजायला हवं होतं.
बाजारात भाव न करणारं माणूस
खायला घेत नसतं.

"मावशी, नाल्याच्या खालच्या अंगाच्या द्या,
राखेचं पाणी मिळते तिथल्या."
तीन मरळ, एक वाम, बाकी डाडक.
कल्ले वेगळे बांधून मागितले,
काळीज वेगळं.
आम्ही ते मांजरीपुढे टाकतो.

मग मोह वेचून झाला, तेंदूपानाची फळीही उठली,
आणि ती परत आली, कागद घेऊन.
कागदावर एकाखाली एक नावं,
रेशनच्या यादीत असतात तशी:
शिसं. पारा. कॅडमियम.
नावापुढे शून्य, टिंब, आकडे.
"जड धातू आहेत," म्हणाली.
किती जड? मी विचारलं.
तिनं माझ्या तराजूकडे पाहिलं
अन् गप्प झाली.

शिसं मला ठाऊक आहे, पोरी.
माझ्या सासऱ्याचं, दसरू ढीवराचं फेकजाळं,
त्याच्या घेराला शिशाच्या दोनशे चौदा गोळ्या.
एखादी सैल झाली की तो दातानं चावून बसवायचा,
थुंकायचा, पुढची चावायचा.
म्हातारपणी हात हलायचे त्याचे.
लोक म्हणायचे, मोहाची.
होतीच थोडी.

अन् हे माझं किलोचं वजन. कर उलटं.
बुडाशी खळगी, खळगीत शिसं,
शिशावर सरकारचा ठसा.
वजनमापवाला येते, ठोकते, पैसे घेते.
हे शिसं हाय म्हणून वजन खरं हाय.
शिसं निघालं, का मी खोटी.

ती हसली नाही.
म्हणाली, "हे धुतल्यानं जात नाही, मावशी.
हळद-मिठानं नाही, अंबाडी घालून नाही,
जवसाच्या तेलात कितीही तळा.
लहान मासोळीतून मोठ्या मासोळीत जाते,
मोठीतून..."
आणि तिथेच थांबली.
माझा नातू तिच्या डब्याचं झाकण वाजवत होता.

त्या रात्री हिशोब केला.
मला अक्षर येत नाही, हिशोब येतो.
एकतीस वर्षांचे शुक्रवार.
गुरुजी, फॉरेस्टवाले, कोंबडी न चालणारे दुखणेकरी,
आणि बाळंतिणी,
ज्यांना मी मरळ राखून ठेवायची, दोन रुपये कमी करून,
अंगावर दूध यावं म्हणून.
रेवता, माझी सून, नको म्हणत होती.
वास सहन होत नव्हता तिला.
नाक दाबून पाजलं मी, दोन्ही खेपेला,
वाटी पुसून.
मुंगीच्या पायाएवढा, ती म्हणाली होती, किलोमागे.
म्हणजे एवढी वर्षं मी धातू विकला
मासोळीच्या भावानं.

त्या तिकडे, जिथून राख उतरते,
तिथल्या काट्यावर कोणाचा ठसा हाय?
विचारायला ती पोरगी नव्हती.
नवरा घोरत होता.
पायाशी जाळं, ओलं.

शुक्रवारी पोस्टातले बाबू आले.
"ताजी हाय का, भागरथा?"
ताजी हाय, मी म्हटलं. खोटं नव्हतं.
कल्ला उघडून दाखवला, लालभडक.
त्यांनी पाण्याचं नाही विचारलं.
मी वजन ठेवलं. हात थोडा वेळ
वजनावरच राहिला.
"दाबू नको वं," बाबू म्हणाले,
आणि आम्ही दोघंही हसलो.

संध्याकाळी एक डाडक उरली.
टाकायची कुठं? नदीत?
घरी आणली, रांधली.
नातू मांडी घालून बसला, ताटली पुढे करून.
मी दिव्याच्या जवळ सरकले,
आणि बोटांनी चाचपून चाचपून
एकेक काटा काढला,
केसाएवढा बारीकसुद्धा,
त्याच्या गळ्यात काही अडकू नये म्हणून.